गुरूच्या चंद्रांचे घड्याळ आणि काष्टीचा रेखांश

काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातले बाजाराचे गाव. दौंडहून मनमाडच्या दिशेने निघाले की भीमा ओलांडल्यावर लागते. बाहेरच्या माणसाला ते शनिवारच्या बैलबाजारामुळे ठाऊक असते. नकाशात पाहिले तर गाव सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश ३५ कला पूर्व रेखांशावर आहे. यातला अक्षांश कसा आला हे समजायला फार विद्या लागत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. पण रेखांशाचे काय? पूर्व-पश्चिम दिशेने आपण कुठे आहोत हे सांगणारा एकही तारा आकाशात नाही. मग उपग्रह नव्हते, तारयंत्र नव्हते, तेव्हा ७४ अंश ३५ कला हा आकडा कोणी आणि कशावरून काढला असता?

मी पदवीने खगोलशास्त्रज्ञ नाही. दिवस मोटार रिवाइंडिंगच्या कामात जातो आणि वाचन रात्री होते. या प्रश्नाच्या मागे लागून बरीच जुनी-नवी पुस्तके चाळली, गच्चीवर चार इंची दुर्बीण लावून रात्री जागवल्या. उत्तर मिळाले ते साठ कोटी किलोमीटरहून दूर असलेल्या गुरूच्या चार चंद्रांपाशी. त्या चंद्रांची शास्त्रीय माहिती मराठीत बऱ्याच ठिकाणी मिळते. त्यांनी आपला देश नकाशावर कुठे आहे हे ठरवायला मदत केली, ही हकीकत मात्र सहसा वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेख.

रेखांश म्हणजे वेळेतला फरक

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे १ अंशाला ४ मिनिटे. एखादे गाव आपल्यापेक्षा एक अंश पूर्वेला असेल तर तिथे मध्यान्ह आपल्याआधी ४ मिनिटे होतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. काष्टी त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. म्हणून आमच्या गावची खरी, स्थानिक वेळ मोबाईलवरच्या वेळेपेक्षा सुमारे ३२ मिनिटे मागे असते.

हे कोणालाही पडताळता येते. सूर्याची गती वर्षभर सारखी दिसत नाही, त्यामुळे मध्यान्हाची वेळ थोडी मागेपुढे होते. दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, काष्टीत उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळात १२ वाजून १५ मिनिटांच्या आसपास. फेब्रुवारीच्या मध्यावर तीच घटना १२ वाजून ४६ मिनिटांच्या आसपास घडते. या दोन्हींमधला कालसमीकरणाचा भाग काढून टाकला की उरतात ती १२ वाजून ३२ मिनिटे.

तेव्हा रेखांश काढायचा म्हणजे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळा एकाच क्षणी ताडून पाहायच्या. आपली वेळ सूर्यावरून किंवा ताऱ्यांवरून मिळते. अडचण ‘त्याच क्षणी’ या शब्दांत आहे. दूरच्या गावात आत्ता किती वाजले हे कळणार कसे? त्यासाठी दोन्ही गावांना एकाच वेळी दिसेल अशी एखादी खूण आकाशात हवी.

सूर्यसिद्धान्ताची रीत

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. सिद्धान्तग्रंथांनी शून्य रेखांश उज्जयिनीवरून मानला होता. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी ती मध्यरेखा. आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला आणि किती, याला ‘देशांतर’ म्हणत. सूर्यसिद्धान्तात देशांतर काढण्याची रीत दिली आहे ती चंद्रग्रहणावरून. गणिताने मध्यरेखेवरची ग्रहणाची वेळ काढायची, आपल्या गावी ते प्रत्यक्ष कधी दिसले ते पाहायचे आणि दोहोंतला फरक घ्यायचा. ग्रहण म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरणे. ते जिथून जिथून दिसते तिथे एकाच क्षणी दिसते. या हिशेबाने काष्टी मध्यरेखेच्या पश्चिमेला सुमारे सव्वा अंश, म्हणजे देशांतर साधारण १२ पळे येते.

तत्त्व बिनचूक आहे, अडचणी व्यवहारातल्या. चंद्रग्रहण वर्षातून एखाददुसरेच दिसते आणि एखाद्या वर्षी मुळीच दिसत नाही. शिवाय पृथ्वीच्या सावलीची कड पुसट असते. ग्रहण नेमके कधी लागले याबाबत शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांतही दोन-तीन मिनिटांचा फरक पडू शकतो. आमच्या अक्षांशावर एका मिनिटाची चूक म्हणजे जमिनीवर २६ किलोमीटर. एवढ्याने गावाचा तालुका बदलतो.

म्हणजे गरज होती ती वारंवार लागणाऱ्या आणि झटपट आटोपणाऱ्या ग्रहणांची. ती सापडली १६१० साली.

गुरूभोवतीची चार घड्याळे

७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. काही दिवसांत चौथाही दिसला. रोज जागा बदलणारे हे ठिपके गुरूभोवती फिरत होते. आज त्यांना आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो म्हणतात. गुरूचे नव्वदहून अधिक चंद्र आता माहीत आहेत, पण लहान दुर्बिणीत दिसतात ते हेच चार. गॅनिमिडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही जास्त. गुरूच्या झगमगाटात ते हरवले नसते तर काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांनीही अंधूक दिसले असते.

आपल्या कामाची गोष्ट त्यांच्या फेऱ्यांची आहे. आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूला एक फेरी घालतो. युरोपाला साडेतीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, गॅनिमिडला सात दिवसांहून थोडा जास्त आणि कॅलिस्टोला पावणेसतरा दिवस. गुरूची सावली अवाढव्य आहे. त्यामुळे आयो प्रत्येक फेरीत तिच्यात शिरतो आणि त्याला ग्रहण लागते. वर्षाला अशी दोनशेहून जास्त ग्रहणे होतात. त्यांतली रात्रीच्या वेळी, गुरू आकाशात असताना, आपल्याला दिसू शकतील अशी काही डझन. कुठे वर्षाकाठचे एखादे चंद्रग्रहण आणि कुठे ही रेलचेल!

गॅलिलिओला या चंद्रांचा रेखांशासाठी उपयोग सुचला होता. त्याला ते समुद्रावर करायचे होते आणि तिथे ते जमले नाही. हलत्या जहाजावर दुर्बिणीत गुरू धरून ठेवणेच अवघड. जमिनीवर मात्र रीत चालली. १६६८ मध्ये कॅसिनीने या ग्रहणांची भरवशाची कोष्टके छापली आणि पुढे पॅरिसमधून त्यांच्या आधारे फ्रान्सचा किनारा नव्याने आखला गेला. जुन्या नकाशांपेक्षा देश अरुंद निघाला. शत्रूंनी नेली नसती इतकी जमीन आपल्याच ज्योतिषांनी नेली, असे चौदावा लुई म्हणाल्याचे सांगतात. ब्रिटिशांचे नाविक पंचांग १७६७ च्या पहिल्या अंकापासून गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांच्या वेळा छापत आले. ते पंचांग हाती असले की ग्रिनिचची वेळ कळायची. आपली वेळ सूर्याने दिली, ग्रिनिचची गुरूने दिली; वजाबाकी केली की रेखांश.

याच कोष्टकांतून एक अनपेक्षित शोध लागला. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयोची ग्रहणे हळूहळू उशिरा होत आणि जवळ येताना लवकर. ओल रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने १६७६ मध्ये आधीच सांगितले, की ९ नोव्हेंबरला आयो सावलीबाहेर येईल तो दहा मिनिटे उशिरा. तसेच झाले. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, हे त्यावरून सिद्ध झाले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता. खरा आकडा साडेसोळा मिनिटांच्या थोडा वर आहे. रेखांशाच्या कामाला याने बाध येत नाही, कारण गुरूहून निघालेला प्रकाश काष्टीला आणि कलकत्त्याला जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो. कोष्टके वापरायची असतील तेव्हा मात्र ही दुरुस्ती धरावीच लागते.

मद्रास आणि मुंबई

सवाई जयसिंहाच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या अठराव्या शतकातल्या ग्रंथात गुरूच्या चार चंद्रांचा उल्लेख आहे. म्हणजे दुर्बिणीची वार्ता आपल्याकडे पोहोचली होती. पण ग्रहणांवरून रेखांश ठरवण्याचे काम सलगपणे झाले ते मद्रासला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये वेधशाळा बांधली. वेधशाळेचे ज्योतिषी जॉन गोल्डिंगहॅम यांनी गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या आणि त्यांवरून मद्रासचा रेखांश ८० अंश १८ कला ३० विकला असा मांडला. १८२२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याचा विषयच कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या राजधान्यांचे भौगोलिक स्थान हा होता.

या एका आकड्यावर किती भार होता ते पाहा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. एका त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी साखळी डोंगरमाथ्यांवरून देशभर गेली आणि आपल्या दख्खनच्या पठारावरही आली. या साखळीतून गावांची एकमेकांपासूनची अंतरे उत्तम मिळतात. पण सगळी साखळी पृथ्वीच्या गोलावर नेमकी कुठे ठेवायची हे त्रिकोण सांगत नाहीत. त्यासाठी एका तरी ठिकाणाचा रेखांश आकाशातून आणावा लागतो. ते ठिकाण होते मद्रास. तो रेखांश चुकला तर गावे एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहतात, पण अख्खा देश बाजूला सरकतो.

आणि तो सरकला होताच. पुढे तारयंत्राने वेळेचे संकेत पाठवून रेखांश काढता येऊ लागले, तेव्हा मद्रासच्या वेधशाळेचा रेखांश ८० अंश १५ कलांच्या किंचित आतच भरला. गोल्डिंगहॅमच्या आकड्यात आणि यात फरक साडेतीन कलांचा, वेळेत १४ सेकंदांचा, जमिनीवर सहा किलोमीटरचा. जुन्या सर्वेक्षण नकाशांच्या कडेला मद्रासच्या रेखांशाबद्दल दुरुस्तीची टीप छापलेली असे, ती यामुळे. मला मात्र आश्चर्य चुकीचे वाटत नाही. साठ कोटी किलोमीटरवरचा ठिपका विझताना पाहून केवळ १४ सेकंदांच्या आत नेम साधला, याचे वाटते.

मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये आकाशाचे वेध आणि वेळ राखणे या कामांसाठीच उभी राहिली. पुढे ती चुंबकीय वेधांसाठी प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला तिच्याविषयी आपलेपणा वाटावा असे कारण आहे. बाळशास्त्री जांभेकरांकडे काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती आणि केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तिथे कामाला होते. केरोनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणून पंचांगाचे गणित प्रत्यक्ष वेधांशी जुळवण्याचा आग्रह धरला. डोळ्यांना दिसते ते आणि गणिताने येते ते एक असले पाहिजे, ही शिस्त वेधशाळेत शिकावीच लागते.

या वेळांचा धागा काष्टीपर्यंतही येतो. गावावरून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. ती वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे, मुंबईची ४ तास ५१ मिनिटे पुढे आणि आमच्या गावच्या सूर्याची ४ तास ५८ मिनिटे पुढे. म्हणजे या मार्गावरची रेल्वे गावच्या सूर्यापेक्षा २३ मिनिटे पुढच्या वेळेवर धावत होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईने तरीही आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

चौदा सेकंद कुठे गेले?

दुर्बिणीतून आयोचे ग्रहण पाहिले की या चुकीचे कारण लक्षात येते. दिवा मालवावा तसा आयो एकदम विझत नाही. त्याचा व्यास ३,६४३ किलोमीटर आणि वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. सावलीची कड त्याच्यावरून सरकायला साडेतीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ ठिपका मंद मंद होत जातो आणि कधीतरी दिसेनासा होतो. तो शेवटचा क्षण कोणता हे दुर्बिणीच्या आकारावर, हवेतल्या धुळीवर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. आमच्याकडे ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट पेटवतात तेव्हा आयो नक्कीच काही सेकंद लवकर हरवत असेल. कॅलिस्टोला तर सावलीत पुरता शिरायला दहा मिनिटे लागतात आणि काही वर्षे तो सावलीला चुकवूनही जातो. म्हणून रेखांशासाठी आयोला पहिली पसंती.

जुन्या निरीक्षकांनी यावर साधा उपाय शोधला होता. ग्रहण लागताना ठिपका खऱ्या क्षणाच्या आधी हरवतो आणि सुटताना खऱ्या क्षणानंतर सापडतो. दोन्ही प्रकारच्या पुष्कळ नोंदी घेऊन सरासरी काढली की चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. दोन्ही ठिकाणी सारखीच दुर्बीण वापरली तर आणखी चांगले. मोजमाप किती अचूक आहे यापेक्षा त्यात चूक कोणत्या बाजूला होते हे ओळखणे महत्त्वाचे, हा धडा मला इथे मिळाला.

या जुन्या पद्धतीच्या नोंदी अजून वाया गेलेल्या नाहीत. आयो, युरोपा आणि गॅनिमिड यांच्या फेऱ्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. गॅनिमिडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. या बांधणीमुळे आयोची कक्षा कधीच पुरती गोल होत नाही. गुरू त्याला सतत कमीजास्त ताणतो आणि आतून तापवतो. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर १ यानाने आयोवर जागते ज्वालामुखी पाहिले, त्याच्या काही दिवस आधीच हा तर्क छापून आला होता. २००९ साली काही संशोधकांनी १८९१ पासूनच्या वेधांवरून या चंद्रांच्या गतीतले बारीक बदल मोजले आणि आयोमध्ये किती उष्णता निर्माण होते याचा हिशेब मांडला. घड्याळ म्हणून वापरलेला चंद्र असा स्वतःच्या पोटातली आग दाखवून गेला. आता युरोपा क्लिपर आणि जूस ही याने तिकडे निघाली आहेत. पहिले २०३० मध्ये पोहोचेल, दुसरे २०३१ मध्ये.

आपल्या गच्चीवरून

हा प्रयोग आजही करता येतो. खिशातला मोबाईल ग्रिनिचची वेळ सांगतोच, पण थोडा वेळ तो नाही असे धरू. जमिनीवर वर्तुळ काढून मध्ये काठी रोवायची. काठीच्या सावलीचे टोक सकाळी वर्तुळाला कधी शिवते आणि दुपारनंतर कधी, ते साध्या भिंतीवरच्या घड्याळात पाहायचे. दोन्हींचा मध्य म्हणजे मध्यान्ह. त्यात कालसमीकरणाची दुरुस्ती केली की घड्याळ गावच्या वेळेला लागते. रात्री दुर्बिणीत आयो हरवल्याचा क्षण त्याच घड्याळात नोंदवायचा. समजा छापील कोष्टकात ग्रहणाची ग्रिनिच वेळ १७ वाजून ३० मिनिटे आहे आणि आपल्या घड्याळात २२ वाजून २८ मिनिटे २० सेकंद झाले. फरक ४ तास ५८ मिनिटे २० सेकंद. चार मिनिटांना एक अंश या हिशेबाने ७४ अंश ३५ कला. मध्यान्ह अर्ध्या मिनिटाने चुकला आणि आयोही अर्ध्या मिनिटाने, तर उत्तर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे जाईल. काठी, घड्याळ आणि लहान दुर्बीण एवढ्या सामानात याहून जास्त मागू नये.

गावात मला विचारतात, यंत्रे सगळे सांगत असताना हा खटाटोप कशाला? आमच्या भागात बांधावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. आता मोजणीला भूकरमापक रोव्हर घेऊन येतो, तो उपग्रहांचे संकेत घेतो आणि आकडा देतो. दोन्ही बाजूंचे लोक त्या आकड्याकडे देवाचा कौल असल्यासारखे पाहतात. त्या यंत्रातही आकाशात फिरणारी घड्याळेच आहेत. किमान चार उपग्रहांकडून प्रकाशाच्या वेगाने आलेले संकेत किती उशिरा पोहोचले यावरून ते आपली जागा काढते. रोमरने आयोच्या उशिरावरून प्रकाशाची चाल ओळखली, रोव्हर प्रकाशाच्या उशिरावरून जागा ओळखतो. हे ज्याला कळले तो ‘चूक किती धरायची?’ हा प्रश्न विचारू शकतो. असा प्रश्न विचारणारी माणसे बांधावर असणे मला गावाच्या हिताचे वाटते.

२०२५ च्या दिवाळीत गुरू मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला उगवत होता, पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपाशी. १० जानेवारी २०२६ रोजी तो प्रतियुतीत आला आणि सूर्य मावळताच उगवला. प्रतियुतीआधी आयोचे सावलीत शिरणे दिसते, नंतर सावलीतून बाहेर येणे. ज्या शाळांकडे लहान दुर्बीण आहे त्यांनी अशी संधी वाया घालवू नये. आमच्या भागातल्या एका शाळेने आणि नागपूरच्या एका शाळेने एकाच रात्री आयोचे एकच ग्रहण आपापल्या स्थानिक वेळेत नोंदवले, तर दोन्ही नोंदींत सुमारे १८ मिनिटांचा फरक यायला हवा. तेवढा आला की दोन्हीकडच्या मुलांनी साडेचार अंशांचा महाराष्ट्र स्वतः मोजलेला असेल.